घरच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेताना दर्जा कसा टिकवायचा?

गोदाकाठ (नांदेड)

लग्न, बारसं, जावळ, शाळेचं गॅदरिंग, घरोघरी हे सगळं डीव्हीडीवर पडून आहे आणि नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच येत नाही. या विषयावर इतर धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलून झालंय, ते एका जागी यावं म्हणून हा धागा. फक्त घरच्या डिस्कबद्दल बोलू, म्हणजे स्टुडिओवाल्याने दिलेल्या किंवा रेकॉर्डरवर काढलेल्या. विकतच्या सिनेमांच्या डिस्कला कुलूप असतं, तो विषय इथे नको.

डीव्हीडीवर जे आहे ती आधीपासूनच कॉम्प्युटरची फाइल आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, एमपेग-२ मध्ये दाबलेलं. व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती, जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. आवाज बहुतेक वेळा एसी-३, कधी एमपी-२, कधी न दाबलेला पीसीएम. हे जसंच्या तसं उचलून एमकेव्हीच्या डब्यात ठेवलं तर चित्राचा एक बिटही बदलत नाही. ‘फ्री कन्व्हर्टर’ म्हणून जे मिळतं ते चित्र उलगडून पुन्हा दाबतं, आणि दर्जा जातो तो तिथे. म्हणून आधी नुसतं काढून घ्यायचं. रूपांतर हे वेगळं काम आहे, ते नंतर आणि प्रतीवर करायचं.

साधन: मेकएमकेव्ही. डीव्हीडीसाठी फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सुरू केल्यावर सगळ्यात आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘मिनिमम टायटल लेंग्थ’ बघा. तिथे १२० सेकंद असतात, ते १० करा. नाहीतर स्टुडिओवाल्याने सुरुवातीला टाकलेला दीड मिनिटाचा फोटोंचा तुकडा यादीत दिसतच नाही आणि तो डिस्कवर होता हे पुढे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मग डिस्क टाका, ड्राइव्हच्या मोठ्या चित्रावर क्लिक करा. टायटलची यादी येईल. हळद, लग्न, रिसेप्शन अशी वेगवेगळी टायटल असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र फाइल होते. ‘प्ले ऑल’चं बटण असलेल्या डिस्कमध्ये तोच मजकूर दोनदा दिसतो: एकदा सलग, एकदा तुकड्यांत. वेळा आणि आकार जुळवून बघा, सलग असलेलं ठेवा. खूण करा, फोल्डर निवडा, बटण दाबा. चांगल्या स्थितीतली भरलेली डिस्क १०–१५ मिनिटांत निघते. फाइल ४ जीबीच्या आसपास होईल, त्याला घाबरू नका. मूळ तेवढंच आहे.

तेरणाकाठची (धाराशिव)

दादा, डिस्कमध्ये व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या व्हीओबी फाइली सरळ कॉपी-पेस्ट केल्या तर काय बिघडतं? व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात की.

दुधना (जालना)

चालतात, पण तीन अडचणी आहेत ताई.

एक तर व्हीओबी १ जीबीला तोडलेली असते. हे तोडणं आकार बघून होतं, प्रसंग बघून नाही, त्यामुळे मंगलाष्टकाच्या मधोमध फाइल संपते. दुसरं, नावाच्या शेवटी ०१_१, ०१_२ असे आकडे दिसतात त्यात _० ने संपणारी व्हीओबी म्हणजे मेनू. ती जोडणीत घेतली की सुरुवातीला फिरती फुलं आणि गाणं, मग पुढे सगळं विचित्र.

तिसरी खरी अडचण वेळेच्या शिक्क्यांची. डीव्हीडीच्या प्रवाहात प्रत्येक फ्रेमवर वेळ मारलेली असते आणि ती मध्येच शून्यापासून पुन्हा सुरू होऊ शकते, विशेषतः जिथे स्टुडिओवाल्याने वेगवेगळे तुकडे जोडलेत. कुठून कुठे उडी मारायची हे आयएफओ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. नुसत्या व्हीओबी एकामागे एक चिकटवल्या की तो नकाशाच जातो. मग दोन तासांची फाइल १८ मिनिटांची दिसते, पुढे सरकवता येत नाही, किंवा अर्ध्यानंतर आवाज ओठांच्या मागे पडतो. मेकएमकेव्ही आयएफओ वाचून शिक्के सलग करून देतं आणि चॅप्टरही ठेवतं.

व्हीओबी आधीच कॉपी करून ठेवल्या असतील तरी काही गेलं नाही, फक्त फोल्डर पूर्ण हवं, आयएफओ आणि बीयूपीसकट. मेकएमकेव्हीमध्ये डिस्कऐवजी ते फोल्डर उघडा. आणि आयएफओच खराब असेल तर त्याच नावाची बीयूपी असते ती तिची जुळी प्रत. तिचं एक्स्टेन्शन बदलून आयएफओ करा. ही जुळी मुद्दाम डिस्कवर वेगळ्या जागी लिहिलेली असते, म्हणजे एका चऱ्यात दोन्ही जाऊ नयेत.

शेवटची_लालपरी (लातूर)

आमच्या इथले एक जण ‘डीव्हीडी फोर-के करून देतो’ म्हणायलेत. खरं काय?

दुधना (जालना)

७२० बाय ५७६ मध्ये जे टिपलंच नाही ते आणायचं कुठून? ते लोक चित्र ताणून मोठं करतात, वरून धार लावतात. एआयवालं सॉफ्टवेअर असेल तर मांडवातल्या मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांना ते स्वतःच्या मनाने नाक-डोळे काढून देतं. हौस असेल तर करा, पण मूळ एमकेव्ही हातात घेतल्याशिवाय डिस्क देऊ नका.

त्यापेक्षा लग्न फार जुनं नसेल तर स्टुडिओवाल्याकडे एडिटिंगची मूळ फाइल किंवा मिनीडीव्ही टेप आहे का विचारा. कॅमेरा एचडी असून गिऱ्हाइकाला डीव्हीडी दिली असं पुष्कळ ठिकाणी झालंय. तिथे मात्र खरोखर जास्त दर्जा मिळतो.

बालाघाटी (बीड)

डिस्क लावली की घरघर आवाज येतोय अन् तीन चतुर्थांशला जाऊन अडकायलंय. मेकएमकेव्ही ‘रीड एरर’ची रांग लावतंय. पाठवणीचा भाग त्याच्यातच आहे. काय करावं?

सिंदफणा (माजलगाव)

पाठवणीच अडकते यात नवल नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे समारंभाचा शेवट बाहेरच्या कडेला येतो. आणि कडेलाच बोटं लागतात, कडेलाच दोन थर सुटायला सुरुवात होते, लिहितानाही कडेला जास्त चुका पडतात. त्यात घरात लिहिलेल्या डिस्कचा थर सेंद्रिय रंगाचा असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने उडतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पेटीत ठेवलेली डिस्क म्हणजे भट्टीतच ठेवल्यासारखं.

आता क्रमाने.

सफाई. आधी ब्लोअरने किंवा फुंकरीने धूळ उडवा. आपल्याकडची धूळ खरखरीत असते, तशीच पुसली तर तीच चरे पाडते. मग चष्म्याचं मऊ फडकं, डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलं, केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. गोल चरा पडला तर तो लिखाणाच्या दिशेनेच जातो आणि लागोपाठचा मजकूर खातो. आडवा चरा थोडाथोडाच खातो, तेवढं ड्राइव्ह दुरुस्त करून घेतो. प्लास्टिकच्या पिशवीतली डिस्क उन्हाळ्यात चिकटली असेल तर ओढून काढू नका, पिशवी कात्रीने कापून हळूच सोलून काढा.

स्टिकर. लग्नाच्या डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर असतो. तो एका बाजूला फुगला की डिस्कचा तोल जातो आणि वेगात थरथरते, ती तुमची घरघर. स्टिकर काढायच्या भानगडीत पडू नका, डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून बनते आणि ओढताना त्याच सुटतात. वेग कमी करा. इमेजबर्न या डिस्क-कॉपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीड स्पीड’ची जागा आहे, तिथे २ एक्स किंवा ४ एक्स द्या. (इमेजबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, आजही नीट चालते. इन्स्टॉल करताना मात्र डोळे झाकून ‘नेक्स्ट’ दाबू नका, सोबत भलतंच काही चढतं.)

वाचन. खराब डिस्कमधून थेट एमकेव्ही काढू नका. आधी पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी प्रत करा, मग प्रतिमेवरून एमकेव्ही. विंडोजच्या कॉपीत एक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचला नाही तरी अख्खी फाइल टाकून दिली जाते. डीडीरेस्क्यू नावाचं साधन तसं करत नाही: जे निघतं ते आधी काढून घेतं, अडलेल्या जागा एका मॅप फाइलमध्ये नोंदवतं, आणि नंतर फक्त त्याच जागांवर परत जातं. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवता येतं. उबंटूत या पॅकेजच्या नावात डीडीच्या आधी एक ‘जी’ आहे, त्यावरून लोक अडतात. सेक्टरचा आकार २०४८ द्या. पहिली फेरी ‘नो स्क्रेप’ लावून, दुसरी फेरी ‘डायरेक्ट’ आणि ३ पुनर्प्रयत्न.

त्यानंतरही काही उरलं तर तीच मॅप फाइल आणि तीच आयएसओ ठेवून *दुसऱ्या* ड्राइव्हमध्ये डिस्क टाका आणि चालू ठेवा. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला दिसतात, कारण प्रत्येकाची लेन्स आणि चूक-दुरुस्ती वेगळी. शेजाऱ्याचा जुना डेस्कटॉप इथे कामाला येतो.

बालाघाटी (बीड)

आणि इतकं करून काही सेक्टर गेलेच तर फाइल चालेल का?

सिंदफणा (माजलगाव)

चालेल. डीव्हीडी १६ सेक्टरच्या गठ्ठ्याने चुका सुधारते, म्हणून जातो तोही सहसा अख्खा गठ्ठा, ३२ केबी. ५ मेगाबिटच्या व्हिडिओत ३२ केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. पण एमपेग-२ मध्ये मधल्या फ्रेमा आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे चौकोन-चौकोन दिसतात ते पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत. पालमध्ये ती जास्तीत जास्त १५ फ्रेमनी येते, म्हणजे ०.६ सेकंद. डीडीरेस्क्यूच्या शेवटी १००–२०० केबी राहिलं असेल तर पूर्ण पाठवणीत तीन ते सहा ठिकाणी चित्र फिसकटेल, एवढंच.

टूथपेस्ट घासायचा सल्ला कुणी देईलच. खालच्या बाजूच्या उथळ चऱ्यावर पॉलिशने फरक पडतो हे खरं, पण सगळ्या फेऱ्या संपल्यावर आणि आयएसओ सुरक्षित ठेवल्यावरच. रंगाचा थर उडाला असेल तर घासून काही होत नाही.

पूर्णाथडी (परभणी)

ड्राइव्हबद्दल थोडं. यूएसबीचा पातळ ड्राइव्ह घेताना सोबत दोन तोंडांची केबल आहे का बघा. डिस्क फिरायला लागताना तो बराच करंट खेचतो, आणि डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला किंवा स्वस्तातल्या हबला तो पुरत नाही. लक्षण ठरलेलं: डिस्क फिरते, टक-टक वाजतं, ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मधून गायब होतो आणि परत येतो. लोक डिस्कला दोष देतात. मागच्या पोर्टला थेट लावा.

खराब डिस्कांचा ढीग असेल तर जुन्या डेस्कटॉपमधला रुंद साटा ड्राइव्ह सहसा बरा पडतो. तो लॅपटॉपला जोडायचा असेल तर स्वतंत्र पॉवर अडॅप्टर असलेलाच साटा-यूएसबी कन्व्हर्टर घ्या. रुंद ड्राइव्हच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. लॅपटॉपच्या छोट्या हार्ड डिस्कसाठी मिळणारा कन्व्हर्टर फक्त ५ देतो, त्यावर ड्राइव्ह हलणारही नाही.

आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून बसा. मेकएमकेव्ही मध्येच बंद पडलं तर ती फाइल अर्धवट, पहिल्यापासून करा. डीडीरेस्क्यू मॅप फाइलमुळे थांबल्या जागेवरून उठतं. खराब डिस्क सहा-सहा तास चालते, तेव्हा हे महत्त्वाचं. उन्हाळ्यात दुपारी चालवूच नका, ड्राइव्ह तापला की त्याच डिस्कच्या चुका वाढतात. पहाटे लावा.

उस्मानाबादी_शेळी

एक गोष्ट राहिली. ‘डीव्हीडी’ म्हणून पेटीतून निघतात त्यातल्या कितीतरी डीव्हीडी नसतातच, व्हीसीडी असतात. उघडून बघा: एमपेगएव्ही नावाचं फोल्डर आणि आत एव्हीसेक-०१ डॉट डॅट अशी फाइल असेल तर व्हीसीडी. एका लग्नाच्या दोन-तीन डिस्क असतात, कारण एकीवर ७४–८० मिनिटंच बसतात.

तिथे वरची पद्धत चालत नाही. मेकएमकेव्हीला व्हीसीडी कळत नाही. आयएसओही करू नका: आयएसओ २०४८ बाइटच्या सेक्टरसाठी आहे, व्हीसीडीचा व्हिडिओ २३२४ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो कारण तिथे चूक-दुरुस्तीची जागा काढून ती चित्राला दिलीय. याच कारणाने व्हीसीडी चऱ्याला जास्त हळवी. बिन-क्यू प्रतिमा (बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी) करा, किंवा व्हीसीडी-इमेजर संचातलं व्हीसीडी-एक्स-रिप वापरून सरळ एमपीजी फाइल काढा. विंडोजवर आयसोबस्टरमध्ये व्हिडिओ काढून घ्यायचा पर्याय आहे.

चित्र ३५२ बाय २८८, एमपेग-१, ११५० किलोबिट. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, पण आहे तेवढं तरी घ्या. आणि या डिस्कांना आधी हात घाला. सीडीत चमकता थर लेबलच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. लेबलवर बॉलपेनने ‘बारसं’ लिहिलं असेल तर तेवढ्या अक्षरांखालचा व्हिडिओ गेलेला असू शकतो. डीव्हीडीत तो थर मधोमध असल्यामुळे ती बचावते. पोपडा उडालेली सीडी उजेडासमोर धरली की आरपार दिसतं, तिथलं काही निघणार नाही.

शेवटची_लालपरी (लातूर)

एमकेव्ही निघाली सगळी, धन्यवाद. आता पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावायची तर ‘फाइल टू लार्ज’ म्हणतंय. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आहे.

गोदाकाठ (नांदेड)

पेनड्राइव्ह फॅट-३२ आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटने फॉरमॅट करा. पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत आणि काही एमकेव्हीतलं एमपेग-२ ही चालवत नाहीत. टीव्ही आणि मोबाइलसाठी वेगळी एमपी-४ करा, मूळ एमकेव्हीला हात लावू नका. ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतात त्या हँडब्रेकबद्दल मांजरा यांनी लिहावं, ते रोज त्यातच असतात.

मांजरा (लातूर)

हँडब्रेकचं आधी स्पष्ट करतो: ते व्हिडिओ नेहमी पुन्हा दाबतं. त्यातला ‘पास-थ्रू’ फक्त आवाजासाठी आहे. म्हणून मूळ प्रत हँडब्रेकमधून कधीच काढायची नाही, वापरायची प्रत काढायची.

सगळा खेळ इंटरलेसिंगचा आहे. आपल्या घरच्या डीव्हीडीतली फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. ट्यूब टीव्ही त्या तशाच एकामागे एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, आणि वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात. लोकांना वाटतं फाइल खराब निघाली. खराब नाही, व्हीएलसीत डी दाबा, दाते जातील.

एमपी-४ करताना हे दाते काढायचेत. फिल्टरच्या पानावर डीइंटरलेसला ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘याडिफ’, प्रीसेट ‘बॉब’. मग व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. बॉब न घेता नुसतं डीइंटरलेस केलं तर २५ फ्रेम राहतात, म्हणजे अर्धी हालचाल तुम्ही फेकून दिली. लेझीम, नाच, धावणारी पोरं, सगळं अडखळत दिसतं. मला विचाराल तर घरच्या व्हिडिओत लोक ज्याला ‘दर्जा गेला’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, बिटरेटशी त्याचा संबंध नसतो.

कोडेक एच-२६४, प्रीसेट स्लो, क्वालिटी आरएफ १८ ते २०. आरएफ जितका कमी तितका दर्जा जास्त. पण व्हीएचएसवरून डीव्हीडीवर आलेलं दाणेदार चित्र असेल आणि तुम्ही आरएफ १४–१५ दिला तर एमपी-४ मूळ डीव्हीडीपेक्षा मोठी होऊ शकते. एन्कोडर प्रत्येक दाणा जपत बसतो. डीनॉइज लावून दाणे मारायचा मोह होतो, त्यात चेहरे मेणाचे होतात. एकदा करून बघा, स्वतःच काढून टाकाल.

आवाज एएसी १६० किलोबिट पुरे. एसी-३ पास-थ्रू ठेवला तर काही टीव्हीवर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही.

व्हीएचएसवरून आलेल्या डिस्कमध्ये चित्राच्या अगदी खालच्या सात-आठ ओळी फडफडताना दिसतील. ते व्हीसीआरच्या हेड बदलण्याचं आहे, ट्यूब टीव्हीत कडेखाली झाकलं जायचं. एमपी-४ मध्ये क्रॉपने कापा.

तेरणाकाठची (धाराशिव)

सगळे उंच-बारीक दिसतात एका डिस्कमध्ये. मेहुणे तर ओळखूच येईनात :)

मांजरा (लातूर)

चित्र रुंद टिपलेलं आणि डिस्कवर ४:३ ची खूण पडलेली. डीव्हीडीत पिक्सेल चौकोनी नसतात. तेच ७२० बाय ५७६ ४:३ ला ७६८ रुंदीचं दाखवायचं असतं आणि १६:९ ला १०२४ रुंदीचं, कोणतं ते खूण सांगते. व्हीएलसीत ए दाबत जा, १६:९ ला मेहुणे माणसात आले की निदान पक्कं. एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ट्रॅकला आस्पेक्ट रेशो १६:९ लिहून पुन्हा बांधा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते, मिनिटभराचं काम. एमपी-४ करताना हँडब्रेकच्या डायमेन्शन्समध्येही तेच गुणोत्तर द्या.

आवाज पहिल्यापासून ठरावीक अंतराने पुढे-मागे असेल तर तोही तिथेच सुटतो. व्हीएलसीत जे आणि के दाबून ५०–५० मिलिसेकंदांनी जुळवा, आकडा आला की ऑडिओ ट्रॅकच्या ‘डिले’मध्ये टाका. हळूहळू वाढत जाणारी तफावत मात्र अशी जात नाही. ती आली तर समजा फाइल व्हीओबी चिकटवून केलीय, दुधनांनी वर सांगितलंय तसं आयएफओवरून परत काढा.

अजून एक: नाचताना चित्र पुढे-मागे-पुढे असं हिसके खात असेल तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा आहे. डीव्ही कॅमेरा खालची ओळ आधी टिपतो, एडिटिंगमध्ये तो क्रम चुकीचा नोंदवला जातो. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला ‘कस्टम’ घेऊन पॅरिटी (कोणती ओळ आधी) हाताने बदला.

पूर्णाथडी (परभणी)

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर: दाते काढायला क्यूटीजीएमसी हे बॉबपेक्षा कितीतरी उजवं आहे. व्हेपरसिंथवर चालतं, ‘हायब्रिड’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून माउसने वापरता येतं. संथ आहे.

मांजरा (लातूर)

मान्य, चित्र उजवं येतं. पण दहा डिस्क असलेल्या घराला मी ते सांगणार नाही. मूळ एमकेव्ही इंटरलेस्ड ठेवलीय ना, मग पाच वर्षांनी यापेक्षा चांगलं काही आलं तर तेव्हा त्यातून काढता येईल.

दुधना (जालना)

याच कारणाने मी आयएसओच्या बाजूचा आहे. गोदाकाठ फक्त एमकेव्ही ठेवा म्हणतात, त्यात मेनू जातो. शंभर डिस्क म्हणजे साडेचारशे जीबीच्या आसपास, एक टीबीची हार्ड डिस्क अर्धीही भरत नाही. आयएसओ ठेवली की डिस्क शब्दशः हातात राहते.

गोदाकाठ (नांदेड)

मेनूत असतं काय? फिरती कमळं आणि स्टुडिओचा फोन नंबर. वीस वर्षांनी घरातल्या पोराला आयएसओ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल, एमकेव्हीवर डबल क्लिक केलं की चालते. खराब डिस्कची आयएसओ ठेवा, मॅप फाइलसकट, तिथे पुढे अजून काही निघू शकतं. चांगल्या डिस्कची गरज वाटत नाही.

दुधना (जालना)

मेनूवरच्या पार्श्वभूमीला कधीकधी आजोबांचा एकमेव हलता तुकडा असतो, आणि तो टायटलमध्ये येत नाही. बघा आणि मग ठरवा.

कयाधू (हिंगोली)

हॅन्डीकॅमच्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्क आहेत. कॉम्प्युटर म्हणतो ‘डिस्क ब्लँक’. कॅमेऱ्यात मात्र सगळं दिसतं.

सिंदफणा (माजलगाव)

फायनलाइज केलेल्या नाहीत, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर डिस्क इतर यंत्रांत वाचता येईल अशी बंद केलेली नाही. कॅमेरा सुरू होत असेल तर चार्जर लावून (बॅटरीवर नको, मध्येच संपली तर डिस्क गेली) मेनूतून ‘फायनलाइज’ करा, त्याच कॅमेऱ्यात. कॅमेरा मेलेला असेल तर आयसोबस्टर न फायनलाइज केलेली डिस्कही वाचतं. ‘फॉरमॅट करायचं का’ असं विंडोज विचारेल, तिथे ‘नाही’.

या डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच, आतल्या छोट्या खाचेत ठेवा. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली तर ड्राइव्ह उघडून काढावी लागते.

उघडल्यावर व्हिडिओ_टीएसऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डर आणि आत एकच मोठी व्हीआरओ फाइल दिसली तर ती व्हीआर पद्धत. सगळी चित्रीकरणं एकाच फाइलमध्ये सलग असतात. सोबतच्या आयएफओसकट पूर्ण फोल्डर कॉपी करा. लिनक्सवर डीव्हीडी-व्हीआर नावाचं छोटं साधन आहे, ते आयएफओ वाचून प्रत्येक चित्रीकरण वेगळं करून देतं, पुन्हा न दाबता.

तेरणाकाठची (धाराशिव)

मधला भाग कापून व्हॉट्सॲपवर पाठवायचा आहे, फक्त सप्तपदी.

गोदाकाठ (नांदेड)

लॉसलेसकटमध्ये एमकेव्ही उघडा, सुरुवात-शेवट लावा, एक्स्पोर्ट. पुन्हा दाबत नाही, म्हणून कापणं पूर्ण फ्रेमवरच होतं, अर्धा सेकंद इकडे-तिकडे. मग तेवढ्या तुकड्याची हँडब्रेकमध्ये एमपी-४ करा आणि व्हॉट्सॲपवर *डॉक्युमेंट* म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवलं तर व्हॉट्सॲप स्वतः दाबतं. यूट्यूबवर टाकणार असाल तर मागे सिनेमाची गाणी लावलेली असतात, कॉपीराइटचा दावा येतोच. ‘प्रायव्हेट’ ठेवलं तरी येतो.

कयाधू (हिंगोली)

फायनलाइज झालं, फाइली निघाल्या. आता डिस्क फेकून द्यायच्या का?

पूर्णाथडी (परभणी)

थांबा. आधी प्रत्येक फाइल शेवटपर्यंत बघा, निदान शेवटची दहा मिनिटं आणि मधल्या चार-पाच जागा. कालावधी डिस्कच्या कालावधीशी जुळवा. मग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती, एक घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. कॉपी केल्यावर दोन्हीकडची एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला आकडा, एक बिट बदलला तरी तो बदलतो) काढून जुळवा. सेव्हन-झिप इन्स्टॉल असेल तर राइट क्लिकमध्येच तो पर्याय येतो. बेरजांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये त्याच फोल्डरात ठेवा, वर्षाने परत तपासता येते.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग. देवनागरी नावं जुन्या टीव्हीवर चौकोन होऊन दिसतात.

डिस्क ठेवायच्या तर उभ्या, कडक डबीत, आतल्या भिंतीच्या कपाटात. पत्र्याखाली नको.

कयाधू (हिंगोली)

एका डिस्कची बेरीज दोन्हीकडे वेगळी येतेय.

पूर्णाथडी (परभणी)

आकार सारखा आहे का? सारखा असेल तर पुन्हा कॉपी करा, या वेळी केबल बदलून, आणि हार्ड डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. परत वेगळी आली तर एकाच फाइलची बेरीज त्याच जागी दोनदा काढा. दोन्ही वेळा वेगळा आकडा आला तर फाइल नव्हे, रॅम किंवा ती हार्ड डिस्क तपासायला घ्या, आणि तोवर त्या मशीनवर बाकीच्या डिस्क काढू नका.